अठ्ठ्याण्णवचा 'गॉडझिला' परत बघताना : इंदूरकरांचा अनुभव धागा

धागाकर्ती

हा धागा रोलंड एमरिकच्या 'गॉडझिला'बद्दल, म्हणजे २० मे १९९८ ला अमेरिकेत लागला त्याच्याबद्दल. न्यूयॉर्कमध्ये घुसणारा, मासे खाणारा, अंडी घालणारा तो. १९५४ चा जपानी मूळपुरुष नाही आणि २०१४ पासूनची नवी मालिकाही नाही. तुलनेला मात्र बंदी नाही.

या सिनेमाला शिव्या घालणं फार सोपं झालंय. त्याच चार शिव्या घासून गुळगुळीत झाल्यात: हा गॉडझिलाच नव्हे, सगळा सिनेमा भिजका, पिल्लं म्हणजे 'ज्युरासिक पार्क'ची उसनवारी, आणि नायक मुळमुळीत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर ते पार महूपर्यंत ज्यांनी या पावसाळ्यात तो परत लावला, त्यांना आग्रहाचं आमंत्रण. अट एकच. लहानपणी कोणाबरोबर बघितला, कुठल्या टॉकीजमध्ये, इंटरव्हलला काय खाल्लं, ते नको. काय दिसतं, का दिसतं, कुठे फसतं आणि घरी लावताना काय करावं, एवढंच लिहा. आकडे असतील तर सोन्याहून पिवळं.

पडदावाले काका

आधी दिसू तर द्या, मग भांडा. या सिनेमाचा मोठा भाग रात्री आणि पावसात घडतो. त्यामुळे घरच्या प्रोजेक्टरवर 'काही कळत नाही' ही तक्रार निम्मी सिनेमाची आणि निम्मी आपल्या मांडणीची असते.

चौकट (रुंदी : उंची) २.३९ : १ ची आहे, प्रोजेक्टर १६ : ९ चा. शंभर इंची पडद्याची रुंदी २२१ सेंटीमीटर आणि उंची १२४.५ येते. त्यात या सिनेमाचं चित्र जेमतेम ९२.५ सेंटीमीटर उंच बसतं, म्हणजे वर-खाली सोळा-सोळा सेंटीमीटर काळी पट्टी. स्वस्तातल्या प्रोजेक्टरवर ही पट्टी काळी न दिसता राखाडी दिसते आणि तिच्या शेजारी रात्रीचा देखावाही राखाडी वाटायला लागतो. यावर काळ्या मखमलीच्या किंवा मॅट काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या कापून वर-खाली टाचण्या. खर्च नगण्य, फरक डोळ्यांत भरेल इतका. मध्ये टिचकीएवढीही फट ठेवू नका, नाहीतर तिथून राखाडी रेघ चमकत राहते.

बसायचं अंतर तीन ते साडेतीन मीटर. त्याहून मागे गेलात की हा प्राणी पालीएवढा होतो, आणि मग 'भव्य वाटत नाही' म्हणायचा हक्क उरत नाही.

चादर लावणार असाल तर एकेरी नको. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो, मागच्या भिंतीवर आदळून परत येतो आणि काळा रंग धुतल्यासारखा होतो. मागे जाड गडद कापड लावा, किंवा सरळ मॅट पांढरी भिंत वापरा. प्रोजेक्टर तिरका ठेवून चित्र 'कीस्टोन'ने सरळ करू नका. त्यात चित्राचे ठिपके पुन्हा मोजून बसवले जातात आणि पावसाच्या बारीक रेघा आधी मरतात. खाली पुस्तकं घालून प्रोजेक्टरच नीट पातळीत आणा.

आता खरी गोम. प्लेअर आणि प्रोजेक्टर यांच्यात काळ्याची पातळी जुळत नसेल तर सगळं मुसळ केरात. सिनेमाच्या डिस्कवर काळा १६ ला आणि पांढरा २३५ ला धरलेला असतो, कॉम्प्युटरच्या हिशोबात तो ० ते २५५ असतो. प्लेअर १६ पासून पाठवतोय आणि प्रोजेक्टर ० ची वाट बघतोय, असं झालं की काळा राखाडी होतो. उलटं झालं की सावल्यांतला तपशील गडप होतो, आणि या सिनेमात प्राणी सावलीतच उभा असतो. दोन्हीकडे 'लिमिटेड' किंवा दोन्हीकडे 'फुल', पण एकच काहीतरी ठेवा. 'ऑटो'वर भरवसा नको.

शेवटचं. फोर-के डिस्कवरचं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला जास्त फरक दाखवणारं चित्र, चांगल्या टीव्हीवर सुंदर दिसतं, पण मंद प्रोजेक्टरवर तेच चित्र आणखी अंधारतं. पडद्याच्या दर चौरस फुटाला सोळा लुमेनच्या आसपास उजेड पडावा, असा चित्रपटगृहांचा जुना हिशोब आहे. शंभर इंची पडदा जवळपास तीस चौरस फूट भरतो, म्हणजे पडद्यावर खरोखर पोहोचलेले ४७५ लुमेन लागतात. खोक्यावर छापलेल्या आकड्याचा याच्याशी फारसा संबंध नसतो. मंद यंत्र असेल तर साधी ब्ल्यू-रे लावा.

छप्पनच्या पलीकडे

काका, बाकी सगळं ठीक, पण इंदुरात पावसाळ्यात लाइट जाते त्याचं काय? दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की दिवा गरमच राहतो.

पडदावाले काका

बरोबर. दिवा विझल्यावरही पंखा दोन-तीन मिनिटं फिरायला हवा. दिव्याचा प्रोजेक्टर दोनशे ते तीनशे वॉट खातो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस तेवढा वेळ आरामात काढतो. त्यावर फक्त प्रोजेक्टर जोडा, सबवूफर नको. एलईडीवाल्याला ही चिंता कमी.

व्हीसीडीची पेटी

'सगळा भिजका, धूसर' हे मत आपल्याकडे कसं तयार झालं ते समजून घ्या. इथे हा सिनेमा असंख्य घरांत व्हीसीडी आणि केबलवर पोहोचला. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, आणि चित्रासाठी सेकंदाला ११५० किलोबिट एवढीच माहिती. या पद्धतीत एका चौकटीतून पुढच्या चौकटीत काय बदललं तेवढंच साठवतात. मागची भिंत स्थिर असेल तर ती पुन्हा लिहायची गरज नाही. पण पावसात प्रत्येक चौकटीत प्रत्येक थेंब नव्या जागी! वाचवण्यासारखं काही उरतच नाही, माहिती कमी पडते आणि चित्राचे चौकोनी ठोकळे पडतात. पाऊस, धूर, उडणारी कागदं आणि कॅमेऱ्याची हालचाल हे सगळं एकत्र आलं की व्हीसीडी हात टेकते, आणि हा सिनेमा म्हणजे याच चार गोष्टी.

तोच घोळ आजही होतो, फक्त ठोकळे बारीक झालेत. इंटरनेटवरून बघताना वेग कमी असेल तर 'फोर-के' निवडून काही मिळत नाही, पाऊस भाताच्या पेजेसारखा दिसतो. डिस्क मिळाली तर डिस्कच. ब्ल्यू-रेवर चित्रासाठी सेकंदाला चाळीस मेगाबिटपर्यंत जागा असते, व्हीसीडीच्या जवळपास पस्तीस पट.

आणखी एक. जुन्या पाल (सेकंदाला २५ चौकटींच्या टीव्ही पद्धतीच्या) डीव्हीडीवर सिनेमा १३३ मिनिटांचा दिसला तर कापला म्हणून ओरडू नका. २४ चौकटींचा सिनेमा २५ ने पळवला की १३९ ची १३३ मिनिटं आणि वर काही सेकंद होतात. आवाजही चार टक्के चढतो, गर्जना थोडी किरटी लागते. हिंदी डबचा आवाज वेगळ्या फाइलमधून जोडत असाल तर हीच गफलत: सुरुवातीला ओठ जुळतात आणि अर्ध्या तासात पार सुटतात. आवाज पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही, त्याचा वेग २४ भागिले २५ करावा लागतो. मध्येच एकदम उडी मारून सुटत असेल, तर मात्र टीव्हीसाठी कापलेली प्रत आहे. नाद सोडा.

लोलक

मुद्द्यावर येतो. प्राणी 'हलका' का वाटतो? लोक संगणकाच्या चित्रांना दोष देतात. माझ्या मते दोष कातडीचा नाही, घड्याळाचा आहे.

मोठी वस्तू हळू हलते, कारण गुरुत्वाकर्षण सगळ्यांना सारखंच. पन्नास मीटरवरून पडलेल्या दगडाला जमिनीवर यायला ३.२ सेकंद लागतात. सिनेमावाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. छोट्या प्रतिकृतीचं चित्रण करताना कॅमेरा जलद पळवतात आणि मग नेहमीच्या वेगाने दाखवतात. किती जलद? २४ गुणिले प्रमाणाचं वर्गमूळ. १/२५ प्रतिकृतीला सेकंदाला १२० चौकटी, १/६ ला साधारण ५९. एमरिकच्या लोकांनी सगळं संगणकावर केलं नव्हतं, १/२४ प्रमाणाचा पोशाख घातलेला माणूस आणि १/६ ची यांत्रिक प्रतिकृतीही काही ठिकाणी वापरली होती. तिथे वजन बरोबर वाटतं.

आता पाय. तीस मीटरचा पाय म्हणजे कमरेला टांगलेला दांडा धरा. त्याचा मोकळा झोका, जाऊन-येऊन, नऊ सेकंदांच्या आसपास. म्हणजे एक पाऊल साडेचार सेकंदांचं. तीस मीटरचं पाऊल धरलं तरी आरामाची चाल ताशी चोवीस किलोमीटर, आपली सायकल. पडद्यावर हा प्राणी हेलिकॉप्टरांना गल्ल्यांतून चकवतो आणि पावलं सेकंदाच्या हिशोबात टाकतो. डोळ्याला सूत्र येत नसलं तरी घोटाळा कळतो. आपण मनातल्या मनात त्याला शहामृगाएवढा करून टाकतो.

हे तपासायचं असेल तर हेलिकॉप्टरांच्या पाठलागाचं दृश्य ०.५ वेगाने लावा, आवाज बंद करून. वर्गमूळाच्या त्याच हिशोबाने प्राणी चौपट मोठा होतो. खोटं वाटत असेल तर करून बघा.

रामबागचा भिया

भिया, केलं. खरंच होतंय की! पण हेलिकॉप्टरंसुद्धा पतंगासारखी तरंगतात, त्याचं काय?

लोलक

म्हणूनच दिग्दर्शकाला ते करता आलं नसतं. पाठलाग हवा तर वेग हवा, वजन हवं तर वेग सोडावा लागतो. एमरिकने पाठलाग निवडला. १९५४ च्या गॉडझिलाने वजन निवडलं, तो चालतो, पळत नाही.

उंचीचा गोंधळ वेगळाच. हा प्राणी कधी इमारतींमध्ये लपतो, कधी जमिनीखालच्या बोगद्यांतून जातो. एकच माप धरून दोन्ही जमत नाही. कॅमेरामन ॲनिमल त्याच्या दोन बोटांमधल्या फटीत उभा राहून वाचतो, ते दृश्य थांबवून माणसाच्या उंचीवरून पावलाचं माप काढा आणि मग तेच पाऊल बोगद्यात घालून बघा. आपल्या सोयीसाठी एक पट्टी: १९५४ चा गॉडझिला ५० मीटर, कुतुबमिनार साधारण ७३, २०१४ चा १०८, आणि २०१६ चा जपानी 'शिन' ११८.५. दर वेळी नवीन इमारती उंच झाल्या की यांनाही उंच व्हावं लागतं.

पागोळी

पावसाची बाजू कोणीच घेत नाहीये, म्हणून मी.

पाऊस संगणकाच्या चित्रांचे सांधे झाकायला उपयोगी पडतो, हे खरंच. पण तो फुकट मिळत नाही. पाऊस कॅमेऱ्यात दिसायला त्याच्या मागून उजेड लागतो. समोरून उजेड टाकला तर थेंब दिसतच नाहीत, कपडे तेवढे ओले दिसतात. छायाचित्रकार उएली स्टायगरने गाड्यांचे दिवे, रस्त्यावरचे दिवे, हेलिकॉप्टरांचे झोत असे सगळे मागून ठेवलेत. म्हणून प्राणी पुष्कळदा काळ्या आकृतीसारखा येतो आणि त्याच्या कडेने पाणी चमकतं. परत बघताना फक्त उजेड कुठून येतोय एवढंच बघा, निम्मी दृश्यं नव्याने आवडतील.

प्रतिकृतींचा पाऊस मात्र चोर पकडून देतो. इमारत लहान करता येते, पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. पाण्याचं पृष्ठताण कोणत्याही प्रमाणात तेवढंच राहतं, त्यामुळे छोट्या इमारतीवरून ओघळणारं पाणी काकवीसारखं जाड दिसतं. शिंतोडे बघा, शिंतोड्याचा आकार सांगतो समोर खरी भिंत आहे की टेबलावरची.

सुरुवातीचा धक्क्यावरचा म्हातारा मासेमारही पावसातच आहे. गळाला मासा लागला म्हणून खूश होतो, दोरी ताणली जाते, समोर पाणी फुगतं आणि धक्का फळ्यांसकट उलगडत त्याच्या मागे येतो. प्राणी जवळजवळ दिसत नाही. एवढ्या आटोपशीर दृश्यानंतर पुढे तोच दिग्दर्शक दोनशे पिल्लांवर का जातो, हे मला अजून उमगलेलं नाही.

जुना गोजिरा

उजेड, पाऊस, लोलक, सगळं मान्य. माझं भांडण चित्राशी नाहीच.

१ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर 'कॅसल ब्राव्हो' हा पंधरा मेगाटनचा स्फोट केला. 'दाइगो फुकुर्यू मारू' या मासेमारी बोटीवरचे तेवीस जण किरणोत्सारी राखेत सापडले, आणि बोटीचा रेडिओ चालक सप्टेंबरमध्ये दगावला. ३ नोव्हेंबर १९५४ ला इशिरो होंडाचा 'गोजिरा' लागला आणि त्याची सुरुवातच बोट बुडण्याने होते. जपानी प्रेक्षकाला काही समजावून सांगायची गरज नव्हती.

१९९८ च्या सिनेमातही सुरुवातीला जपानी बोट बुडते, वाचलेला म्हातारा 'गोजिरा' एवढंच पुटपुटतो. पण स्फोट कोणाचा? फ्रान्सचा. पॉलिनेशियात फ्रान्सने सप्टेंबर १९९५ ते जानेवारी १९९६ मध्ये सहा चाचण्या केल्या आणि जगभर निषेध झाला, तो धागा पटकथेने उचलला. अमेरिकी सिनेमाने पाप शेजाऱ्याच्या अंगणात ढकललं. हा बदल आधी नजरेत येत नाही, कारण ज्याँ रेनोचा फ्रेंच हेर इतका लाघवी आहे की आपण त्याची वाईट कॉफीबद्दलची कुरकुर ऐकत बसतो. वरून तो म्हणतो, आमच्या देशाने केलेली घाण निस्तरायला आलोय. सगळ्या सिनेमात जबाबदारी घेणारा हा एकटाच, आणि तो परदेशी!

आपल्यासाठी आणखी एक तारीख. पोखरणच्या चाचण्या ११ आणि १३ मे १९९८ च्या. हा सिनेमा त्यानंतर बरोबर आठवड्याने अमेरिकेत लागला.

मूळ जपानी गॉडझिलाच्या तोहो कंपनीने काय केलं ते प्रसिद्धच आहे. डिसेंबर १९९९ मध्ये स्वतःचा गॉडझिला परत आणला, आणि २००४ च्या 'फायनल वॉर्स'मध्ये या अमेरिकी प्राण्याला 'झिला' नाव देऊन सिडनीच्या ऑपेरा हाउसवर काही क्षणांत आपटला. नावातला 'गॉड' काढून टाकला, मंडळी. याहून सभ्य शिवी नाही.

घोरपड

जीवशास्त्राच्या चुका मोजायला बसलो आणि एका ठिकाणी तोंडावर पडलो, म्हणून तेच आधी.

प्राणी एकटाच अंडी घालतो यावर तेव्हा लोक हसले. पण नराशिवाय प्रजनन सरड्यांच्या काही जातींत तेव्हाही माहीत होतं, आणि २००६ मध्ये लंडन आणि चेस्टरच्या प्राणिसंग्रहालयांतल्या कोमोडो ड्रॅगन माद्यांनी नराशिवाय अंडी दिल्याचं 'नेचर'मध्ये आलं. तिथे एक गंमत आहे. कोमोडोमध्ये अशा अंड्यांतून फक्त नर निघतात. म्हणजे सिनेमातल्या दोनशे पिल्लांना पुढची पिढी काढायला आईकडेच यावं लागलं असतं. सेनापतींना एवढी घाई नव्हती.

गर्भचाचणीचा प्रसंग मात्र फेकाफेकी. नायक औषधाच्या दुकानातल्या चाचणीपट्ट्या आणून प्राण्याच्या रक्तावर लावतो. त्या पट्ट्या एचसीजी हे संप्रेरक ओळखतात आणि ते माणूस व त्याच्या जवळच्या वानरकुळाचं. सरपटणाऱ्या प्राण्याच्या रक्तावर पट्टी कोरीच राहायची.

क्षेपणास्त्राचा प्रसंग जास्त रोचक. उष्णता शोधणारं क्षेपणास्त्र प्राण्यावर रोखता येत नाही, कारण तो भोवतालच्या इमारतींपेक्षा थंड, म्हणून ते जाऊन क्रायस्लर इमारतीला लागतं. कल्पना झकास, शास्त्र कच्चं. एवढ्या मोठ्या देहाचं पृष्ठफळ वजनाच्या मानाने फार कमी असतं, आत तयार झालेली उष्णता बाहेर पडायला मार्गच नाही. लेदरबॅक समुद्री कासव मोठ्या देहामुळेच थंड पाण्यातही गरम राहतं. मैलभर पळालेला हा प्राणी बंबासारखा तापला असता.

सुरुवातीचे इग्वाना बघा. समुद्रात पोहून शेवाळ खाणारा सागरी इग्वाना जगात फक्त गॅलापागोसला आहे, आणि फ्रेंच पॉलिनेशिया तिथून हजारो किलोमीटर पश्चिमेला. शिवाय तो शाकाहारी. मासे कधी खायला लागला, ते पटकथेला विचारा.

जबडा ज्यांना खटकतो त्यांच्यासाठी: आकृतिकार पॅट्रिक टाटोपूलोसने हनुवटी डिस्नेच्या 'जंगल बुक'मधल्या शेरखानवरून घेतली. किपलिंगची गोष्ट सिवनीच्या जंगलातली. तेव्हा मध्यप्रदेशचा थोडा वाटा आहेच.

रामबागचा भिया

म्हणजे आपलाच माणूस निघाला की! आता शिव्या बंद.

इंटरव्हलनंतर

नायकाचं आडनाव टाटोपूलोस, ते या आकृतिकारावरूनच घेतलंय. सिनेमाभर कोणालाही ते धड उच्चारता येत नाही. इंदुरात मराठी आडनावांचं बँकेच्या खिडकीवर रोज होतं तेच.

पटकथेबद्दल. पहिल्या बघण्यात जे विनोद वाटतात, ते दुसऱ्यांदा हिशेब चुकते केल्यासारखे दिसतात. महापौराचं नाव एबर्ट आणि त्याच्या साहाय्यकाचं जीन, म्हणजे एमरिकच्या आधीच्या सिनेमांना झोडणारे समीक्षक रॉजर एबर्ट आणि जीन सिस्केल. विडंबन म्हणून ठीक, पण त्यांना प्राण्याच्या तोंडी द्यायचं धाडस नाही. दोघे सुखरूप! सिस्केलने नेमकी हीच तक्रार केली होती.

शहराची मोडतोड कोण करतं, याची एक यादी करत बघा. क्रायस्लर इमारतीला क्षेपणास्त्र मारतं लष्कर. अंडी जिथे घातलीत ते मॅडिसन स्क्वेअर गार्डन उडवतं लष्कर. प्राणी वाटेत आलेलं तुडवतो, जाणूनबुजून फारसं काही पाडत नाही. तो शिकार झालेल्या जनावरासारखा सतत पळ काढतो. हा 'राक्षस शहरावर चालून आला' असा सिनेमा नाही, 'जनावर वस्तीत शिरलं आणि सगळे बंदुका घेऊन धावले' असा आहे. तसा बघितला की निम्म्या तक्रारी गळतात.

उरलेल्या निम्म्या खऱ्याच. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सिनेमा आकार हरवतो. इतका वेळ मान वर करून बघायला लावलं आणि आता पिल्लं माणसाच्या उंचीची, बंद दारं, मार्गिका, घसरणारे गोळे. मोठ्या प्राण्याचा सिनेमा एकदम मध्यम प्राण्याचा होतो, आणि त्या आकारात 'ज्युरासिक पार्क' पाच वर्षं आधीच येऊन गेलेला. पिल्लांचा भाग निम्मा केला असता तर आई परत येते तो क्षण दणक्यात बसला असता.

एमरिकच्या आधी हा सिनेमा यान द बॉन्ट करणार होता, १९९४ मध्ये, टेड एलियट आणि टेरी रोसिओच्या पटकथेवर. त्यात गॉडझिलासमोर दुसरा राक्षस होता. खर्चावरून ते मोडलं. एमरिकच्या पटकथेत समोर कोणी नाही, म्हणून शेवटचा तास भरायला पिल्लं लागली असं माझं गणित.

सेव-परमल

घरच्या बच्चेकंपनीला दाखवणार असाल तर मोठ्या सिनेमानंतर १९९८ ते २००० ची कार्टून मालिका लावा. वाचलेलं एक पिल्लू नायकालाच आई-बाप समजतं आणि मोठं होऊन इतर राक्षसांशी लढतं. सिनेमाला नावं ठेवणारेही हिला नावं ठेवत नाहीत. जबडा तोच, पण इथे तो तोंडातून हिरवी आग टाकतो. मोठ्या सिनेमात आग म्हणाल तर श्वासाचा भपकारा आणि पेटलेल्या गाड्या, तेवढंच.

आणि शांत दृश्यांत रतलामी सेव खाऊ नका. कुर्र कुर्र आवाजात काही ऐकू येत नाही. भुट्ट्याचा कीस करा, तो आवाज करत नाही.

डग्गा

आवाजावर कोणी लिहीत नाहीये, म्हणून शेवटी मीच.

या सिनेमात प्राणी दिसायच्या आधी ऐकू येतो. पाऊल पडतं, गाड्या उसळतात, काचा थरथरतात, आणि मग पाय दिसतो. टीव्हीच्या स्पीकरवर हे सगळं टक-टक होतं. सबवूफर लागतोच, पण खोलीत कुठेही ठेवून चालत नाही. पंचवीस हर्ट्झच्या लहरीची लांबी पावणेचौदा मीटर, आपल्या खोल्या चार-पाच मीटरच्या. पाच मीटरच्या खोलीत ३४ हर्ट्झच्या आसपास आवाज कुठे दुप्पट होतो आणि कुठे गायब. उपाय जुना आहे. सबवूफर उचलून आपल्या बसायच्या जागेवर ठेवा, पावलांचं दृश्य पुन्हापुन्हा लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत कान द्या. जिथे ठोका घट्ट आणि स्वच्छ येतो, तिथे सबवूफर. घरातले हसतील, हसू दे.

लहान स्पीकरांची सीमा ८० हर्ट्झला बांधा, म्हणजे त्याखालचा आवाज सबवूफरकडे जाईल. मधला स्पीकर दोन-तीन डेसिबल वर, नाहीतर पावसात संवाद बुडतात आणि मग हात सारखा रिमोटवर जातो. पहिल्या पावलाला फडताळातली भांडी, ट्यूबलाइटची पट्टी आणि देव्हाऱ्यातली घंटा वाजणार. आधीच एकदा मोठ्याने लावून काय काय वाजतं ते शोधा, कागदाच्या घड्या खोचा. खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर सबवूफरखाली जाड रबराच्या चकत्या ठेवा. भिंतीतून जाणारा ठोका त्याने थांबत नाही, पण फरशीतून जाणारा बराच मरतो.

मूळ गर्जना १९५४ च्या सिनेमाचा संगीतकार आकिरा इफुकुबेची. डबल बासची तार सैल करून तिच्यावर राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला होता. १९५४ मध्ये एवढ्यावर काम झालं. १९९८ ची गर्जना तिची आठवण ठेवते, पण शेपूट लांबवते. दोन्ही पाठोपाठ लावा, आधी जुनी.

आणि जोडणी बरोबर झाली की नाही, हे तपासायला पावलं नका वापरू, ती कुठेही बरी वाजतात. शेवट लावा. ब्रुकलिन पुलाच्या तारांत प्राणी अडकतो, विमानं क्षेपणास्त्रं सोडतात, तो कोसळतो. नायक जवळ जातो, डोळ्यात डोळे. तिथे हृदयाचे ठोके आहेत, खोल आणि सावकाश, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं. सबवूफर नीट बसला असेल तर ते कानाला कमी आणि छातीला जास्त लागतात. मग पुढचा ठोका येत नाही. लगेच पडद्यावर लोक आरडाओरडा करून नाचायला लागतात, आणि त्यांचा आवाज मधल्या-उजव्या-डाव्या स्पीकरांतून येतो, खाली काहीच नसतं. तिथे आवाज कमी करू नका.

जुना गोजिरा

हे आधी लिहायचं ना, डग्गाभाऊ. परत लावतो.